रेट ऑफ वेजेस, वेट ऑफ रेजेस: जीभ घसरते म्हणजे नक्की काय घसरतं?

टीव्हीवर कुणा नेत्याची किंवा निवेदकाची जीभ घसरली की दोन तासांत ती क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरते आणि खाली हमखास एक कॉमेंट असते, "मनातलं ओठांवर आलं बघा!" जोडीला अधूनमधून तो दुसरा फॉरवर्डही येतो, ऑक्सफर्डचे विसरभोळे स्पूनर सर आणि त्यांची उलटीसुलटी इंग्रजी वाक्यं, शेवटी हसून हसून रडणारे चार इमोजी. पहिल्यात मानसशास्त्र गंडलेलं आहे, दुसऱ्यात इतिहास. आणि दोन्हीचा निकाल लावायला एकच गोष्ट पुरते, बोलताना मेंदू आवाजांची जुळणी कशी करतो ती. मला हा विषय प्रचंड आवडतो त्यामुळे थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी स्पूनर. विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४-१९३०) हे खरेखुरे गृहस्थ होते. अल्बिनो होते, म्हणजे त्वचा-केसांना जन्मतःच रंग नसलेले, नजर अधू, पेशाने पाद्री, आयुष्यभर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात शिकवलं आणि १९०३ ते १९२४ तिथले वॉर्डन, म्हणजे कॉलेजचे प्रमुख होते. शब्दांचे सुरुवातीचे आवाज अदलाबदल करून बोलायची त्यांची ख्याती अशी की १८८५ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये असल्या चुकांना 'स्पूनरिझम' म्हणायला सुरुवात झाली होती. त्यांच्या नावावर खपणारं सगळ्यात फेमस वाक्य म्हणजे चर्चमध्ये देवाला 'लव्हिंग शेपर्ड' म्हणजे मायाळू मेंढपाळ म्हणायच्या ऐवजी 'शव्हिंग लेपर्ड' म्हणाले, धक्के मारणारा बिबट्या. (शेफर्ड नाही बरं का, इंग्रज शेपर्डच म्हणतो, म्हणून तर जमतं.) मग तो लेक्चरं बुडवणारा विद्यार्थी, त्याला 'मिस्ड माय हिस्टरी लेक्चर्स'च्या ऐवजी 'हिस्ड माय मिस्टरी लेक्चर्स' सुनावलं आणि 'डाउन ट्रेन'ने चालता हो म्हणताना 'टाउन ड्रेन' म्हणजे गावच्या गटारातून जायला सांगितलं. मजा येते वाचायला. पण जरा थांबा, ही वाक्यं जरा जास्तच छान नाहीत का? त्याकडे पुन्हा येतो.

आपण गप्पा मारताना मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे सेकंदाला दहा-पंधरा वेगवेगळे आवाज, आणि तरी चूक होते ती साधारण हजार शब्दांमागे एखादी. पूर्वी कल्पना अशी होती की बोलणं ही साखळी आहे, एक आवाज झाला की तो पुढच्याला ओढून आणतो. १९५१ मध्ये कार्ल लॅशले या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना मोडीत काढली, आणि त्यासाठी उलटसुलट चुका फार कामाच्या आहेत. 'लेफ्ट हेमिस्फिअर' म्हणायचं होतं आणि कुणी 'हेफ्ट लेमिस्फिअर' म्हणालं, तर दुसऱ्या शब्दातला 'ह' पहिल्या शब्दाच्या आधीच कुठून आला? साखळीत पुढची कडी मागे येऊच शकत नाही. म्हणजे पहिला शब्द तोंडातून पडायच्या आत दुसऱ्याचे आवाज मेंदूत तयार होऊन उभे असतात.

असल्या चुका वह्यांमध्ये टिपून ठेवणारी मंडळी आहेत, आणि ही माझी आवडती जमात आहे. व्हिएन्नात रुडॉल्फ मेरिंगर या भाषाशास्त्रज्ञाने कार्ल मायर या मेंदूच्या डॉक्टरबरोबर १८९५ मध्ये जर्मन चुकांचं अख्खं पुस्तक काढलं. इंग्रजीत हे काम गाजवलं ते लॉस एंजेलिसच्या व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी, १९७१ च्या त्यांच्या लेखाने. लोकांच्या हजारो चुका गोळा करून त्यांनी दाखवलं की या चुकांना शिस्त असते, त्या वाट्टेल तशा होत नाहीत.

ही शिस्त समजायला रेल्वेचं रिझर्व्हेशन घ्या. डबा आणि बर्थ आधी ठरलेले, प्रवासी वेगळे येतात, आणि गडबडीत दोघं एकमेकांच्या जागी बसले तरी बर्थ हलत नाहीत. मेंदूत वाक्याचे बर्थ, म्हणजे कुठे शब्दाची सुरुवात, कुठे स्वर, कुठे शेवट, कुठे जोर, हे एका बाजूला तयार होतं आणि आवाज दुसऱ्या बाजूने येऊन त्यात बसतात. चूक होते ती बसण्यात. आणि लोअर बर्थवाला लोअर बर्थवाल्याशीच बदली करतो: सुरुवातीचं व्यंजन सुरुवातीच्या व्यंजनाच्याच जागी जातं, शेवटचं शेवटच्या, स्वर स्वराच्या. 'लेफ्ट'मधला शेवटचा 'ट' उडी मारून 'हेमिस्फिअर'च्या तोंडाशी बसला असं जवळजवळ कधीच होत नाही. इंग्रजीत 'सिंग'च्या शेवटी येणारा ङ शब्दाच्या सुरुवातीला चालत नाही, तर चुकतानासुद्धा माणूस तो तिथे नेत नाही. चुकताना व्याकरण पाळतो आपण!

देवनागरी वाचणाऱ्याला यातला एक भाग तर डोळ्यांनी दिसतो. 'फिल द पूल' म्हणायचं होतं आणि झालं 'फूल द पिल'. बघा, फ आणि प जागेवरच आहेत, मात्रांनी जागा बदलल्या. अक्षर म्हणून आपण जे एक गाठोडं लिहितो ते मेंदूत सुटं आहे, व्यंजन वेगळं, स्वर वेगळा.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं उदाहरण, फ्रॉमकिनबाईंच्या संग्रहातलं. 'क्लिअर ब्लू स्काय' म्हणायचं होतं, बोलणारा म्हणाला 'ग्लिअर प्लू स्काय'. आता यात कुठला आवाज कुठे गेला? क पलीकडे गेला नाही, ब अलीकडे आला नाही. मूळ वाक्यात ग पण नव्हता आणि प पण नव्हता, मग आले कुठून? उत्तर आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात आहे, क-ख-ग-घ-ङ आणि प-फ-ब-भ-म या ओळींत. क आणि ग एकाच जागी तयार होतात, जिभेची मागची बाजू वर टेकते, फरक इतकाच की ग म्हणताना गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर असते. प आणि ब चं तेच, फक्त जागा ओठ. (गळ्यावर बोटं ठेवून आधी 'स्स्स' करा आणि मग इंग्रजी झेडचा 'झ्झ्झ', थरथर लगेच कळते.) म्हणजे इथे जी गोष्ट इकडून तिकडे गेली ती अक्षर नाही, आवाजही नाही, नुसती थरथर! ब ची थरथर क ला मिळाली, त्याचा झाला ग, आणि थरथर गमावलेला ब झाला प. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी घोष-अघोष म्हणून जो भेद केला तो कागदावरचा वर्गीकरणाचा खेळ नव्हता, इंग्रजी बोलणाऱ्या एका माणसाची जीभ त्याच शिवणीवर उसवली. खरं सांगायचं तर अशी नुसत्या थरथरीची अदलाबदल फार विरळा असते, बहुतेक वेळा आख्खा आवाजच हलतो. पण एकदा जरी झाली तरी शिवण कुठे आहे ते कळतं.

अजून एक, मग पुढे जातो. 'ॲन ईटिंग मॅराथॉन'चं कुणीतरी 'अ मीटिंग ॲराथॉन' केलं. 'ॲन' होतं त्याचं 'अ' झालं, कारण पुढे आता म आला होता. म्हणजे आवाज आधी चुकले, आणि 'अ' की 'ॲन' हा निर्णय त्यानंतर झाला, चुकीच्या आवाजाकडे बघून, बिनचूक. वाक्य जुळवण्याचे टप्पे कुठल्या क्रमाने होतात हे कवटी न उघडता कळलं की नाही?

आता अदलाबदल होते कशी. मानसशास्त्रज्ञ गॅरी डेल यांनी १९८६ मध्ये एक मॉडेल मांडलं ते साधारण असं: मेंदूत शब्दांच्या गाठी आहेत (जाळ्यातल्या असतात तशा) आणि आवाजांच्या गाठी आहेत, त्या एकमेकींना जोडलेल्या. शब्द निवडला की त्याच्या आवाजांना चेतना, म्हणजे जागं व्हायचा इशारा, जाते, पुढच्या शब्दाच्या आवाजांनाही थोडी थोडी जायला लागलेली असते. ज्या आवाजाची चेतना त्या क्षणी सर्वात जास्त तो बर्थ पटकावतो, आणि वापरून झाला की त्याची पातळी शून्यावर येते. कधी पुढचा आवाज आधीच जास्त तापलेला असला तर तो पहिली जागा मारतो. मग त्याची पातळी शून्य, आणि ज्याची जागा गेली तो अजून वापरलाच गेलेला नाही, तापलेलाच आहे, म्हणून पुढची जागा रिकामी दिसताच तो तिथे बसतो. झाली अदलाबदल. त्यात चेतना उलटीसुद्धा वाहते, आवाजांकडून परत शब्दांकडे. त्याचे दोन परिणाम. एक, दोन्ही ठिकाणी शेजारचा स्वर सारखा असेल तर घोटाळा वाढतो (लेफ्ट आणि हेमिस्फिअर, दोन्हीकडे ए). दोन, चुकून जे तयार होतंय तो भाषेतला खरा शब्द असेल तर त्या चुकीला उलटा आधार मिळतो आणि ती जास्त वेळा होते. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर हरकत नाही, दुसरा परिणाम तेवढा धरून ठेवा.

कारण तो प्रयोगशाळेत तपासलाय. १९७५ मध्ये बार्स, मॉटली आणि मॅके या संशोधकांनी लोकांना पडद्यावर शब्दांच्या जोड्या मनात वाचायला दिल्या: बॉल डोज, बॅश डोअर, बीन डेक, बेल डार्क. सगळीकडे आधी ब मग ड. मग अचानक आली 'डार्न बोअर', आणि हुकूम झाला, मोठ्याने म्हणा. बरेच जण 'बार्न डोअर' म्हणाले. तीच युक्ती 'डार्ट बोर्ड'वर केली तर 'बार्ट डोर्ड' म्हणणारे खूपच कमी, कारण तो शब्दच नाही.

आता स्पूनरसाहेबांकडे चला. खरा शब्द तयार होणारी चूक जास्त होते हे बरोबर, पण प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना खरे शब्द, वर त्या दोघांचा मिळून विनोदी अर्थ, आणि एका दमात दोन-तीनदा? हे जिभेचं काम नाही, हे रात्री खोलीत बसून विनोद जुळवणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम आहे. अभ्यासक फार पूर्वीपासून हेच म्हणतायत, बहुतेक किस्से बनावट. त्यातल्या त्यात विश्वासार्ह मानतात ते 'कॉन्करिंग किंग्ज' या भजनाचं 'किंकरिंग काँग्ज', ज्यात नुसत्या मात्रा हलल्यात आणि 'काँग्ज'ला काहीही अर्थ नाही, म्हणूनच ते खरं वाटतं. आणि ऑक्सफर्डच्या अवतरणकोशाने मान्य केलेलं 'वेट ऑफ रेजेस', मूळ 'रेट ऑफ वेजेस' म्हणजे मजुरीचा दर. सुरुवातीच्या व्यंजनाशी सुरुवातीचं व्यंजन, दोन्हीकडे स्वर ए, आणि वेट, रेज हे दोन्ही खरे शब्द पण विनोद काहीच नाही. सगळे नियम पाळणारी, अगदी पाठ्यपुस्तकी चूक आहे ही!

मग 'मनातलं ओठांवर'चं काय? हे मनोविश्लेषक फ्रॉइडकडून आलं, १९०१ च्या लिखाणातून, ज्यासाठी त्याने मेरिंगरच्याच संग्रहातली उदाहरणं घेतली होती आणि मेरिंगरना ते अजिबात पटलं नव्हतं. मॉटली आणि बार्स यांनी १९७९ मध्ये हेही करून बघितलं. काही जणांना तारा लावून सांगितलं की तुम्हाला शॉक बसू शकतो (बसणार नव्हता), आणि त्यांनी 'शॅड बॉक'चं 'बॅड शॉक' जास्त वेळा केलं. म्हणजे डोक्यात जे घोळतंय त्याचा परिणाम होतो, नाही असं नाही. पण तो परिणाम म्हणजे काही शब्द आधीच थोडे तापलेले असतात एवढाच, घसरायला लागणारी सगळी यंत्रणा आवाजांचीच. ६ डिसेंबर २०१० ला बीबीसी रेडिओ फोरवर निवेदक जेम्स नॉख्टी तेव्हाचे कल्चर सेक्रेटरी (सांस्कृतिक मंत्री) जेरेमी हंट यांचं नाव घेत असताना 'कल्चर'चा क 'हंट'च्या ह वर आदळला आणि इंग्रजीतली सगळ्यात वाईट शिवी सकाळच्या वेळी देशभर ऐकू गेली. दोन्हीकडे स्वर तोच, तयार होणारा शब्द खरा, आणि भलताच ओळखीचा. त्यासाठी मंत्र्यांवर राग असायची गरजच नाही. त्याच सकाळी त्याच स्टेशनवर अँड्र्यू मार यांनी हा किस्सा सांगताना पुन्हा तीच शिवी दिली, कारण तोवर तो शब्द चांगलाच तापला होता.

आपल्याकडे याहून भारी निदान मिळतं. बोलताना शब्द उलटे येतात? पत्रिकेत बुध बिघडलाय, पाचू घाला. बुध बिचारा सूर्याभोवती ८८ दिवसांत एक फेरी मारतोय, त्याला तुमच्या लेफ्ट-राइटशी काय घेणं? थकवा, घाई, दोन कामं एकदम, एवढ्याने जीभ घसरते आणि सगळ्यांची घसरते. अचानक बोलणं अडखळायला लागलं किंवा तोंड वाकडं झालं तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, तिथे अंगठी किंवा वेखंड उगाळत बसायचं नाही.

एक कबूल केलं पाहिजे, की वह्यांमधल्या चुका कानाने ऐकलेल्या असतात आणि कान नीटनेटकं करून ऐकतो. गोल्डस्टीन आणि पूप्लिए वगैरे मंडळींनी लोकांच्या जिभेवर बारीक सेन्सर चिकटवून त्यांना 'कॉप टॉप कॉप टॉप' भराभर म्हणायला लावलं (२००७). दिसलं असं की पुष्कळदा क च्या जागी स्वच्छ ट येत नाही, जिभेचा शेंडा आणि मागची बाजू दोन्ही एकदमच उचलली जातात, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं एकच काहीतरी ऐकू येतं. म्हणजे बर्थवर कधीकधी दोघं दाटीवाटीने बसलेले असतात. डेलसारख्या मॉडेलांना हे पचवायला अवघड जातं आणि तो वाद अजून चालू आहे.

राहिला मुद्दाम केलेला खेळ, आणि तो स्पूनरपेक्षा जुना आहे. १८६० च्या आसपास जॉन कॅमडन हॉटनने लंडनच्या स्लँगचा कोश छापला, त्यात मेडिकलच्या पोरांची एक बोली नोंदवलीय, 'मेडिकल ग्रीक'. 'स्मोक अ पाइप'चं 'पोक अ स्माइप' करायचं आणि बाहेरच्याला कळू द्यायचं नाही. हॉटनला हा प्रकार मुळीच आवडलेला नव्हता. तेव्हा स्पूनर शाळकरी वयाचे होते. त्याच नोंदीत 'बटरफ्लाय'चं 'फ्लटर-बाय' पण आहे, आणि आता नेटवर ठोकून सांगतात की मूळ शब्द फ्लटरबायच होता, कुणाची तरी जीभ घसरून बटरफ्लाय झाला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतसुद्धा तो शब्द लोणी आणि माशी मिळूनच झालेला आहे. फ्लटरबाय ही त्या पोरांची करामत, पाइप ओढता ओढता केलेली.