फुटीतलं ‘दुसरं वर्ष’ : एका वादाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे तिथल्या बोलीत ‘फुटी’च्या, मुख्य लीगमध्ये (एएफएल) दरवर्षी मे महिना उजाडला, की मेलबर्नपासून पर्थपर्यंत तोच वाद पेटतो. गेल्या हंगामात डोळ्यांत भरलेला एकोणीस वर्षांचा पोरगा यंदा मैदानावर शोधावा लागतो. चेंडू हाती लागत नाही आणि लागला तर किक भलतीकडे जाते. मग एक गट म्हणतो, त्याला राखीव संघात पाठवा, तिथे सूर सापडू दे. दुसरा म्हणतो, खेळवत राहा, नाहीतर आत्मविश्वास जाईल. तिसरा गट सगळ्यांत मोठ्या आवाजात विचारतो, की ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडताना, याच्याऐवजी त्याला का नाही घेतलं. या सगळ्याला मिळून ‘सेकंड-इयर ब्लूज’ (दुसऱ्या वर्षाची मरगळ) असं एक तयार नाव आहे आणि ते इतकं अंगवळणी पडलंय, की हा वाद खेळाइतकाच जुना असावा असं वाटतं. तो तसा नाही. खेळाचे नियम १८५९ मध्ये कागदावर आले. दुसऱ्या वर्षाची चर्चा आजच्या रूपात जेमतेम गेल्या तीन-साडेतीन दशकांतली.

आपल्यापैकी बहुतेकांनी ड्राफ्टनंतरचीच फुटी पाहिली आहे, म्हणून आधीची व्यवस्था थोडक्यात सांगतो. त्या काळी क्लबांना भाग वाटून दिलेले असत. ज्या भागात मुलगा वाढला, त्या भागाच्या क्लबकडे तो जायचा. तिथे १९ वर्षांखालील संघ असे, त्यावर राखीव संघ, आणि त्यावर मुख्य संघ. मुलगा एका पायरीवर एक-दोन वर्षं काढायचा, शनिवारी सकाळी लवकर येऊन रिकाम्या स्टँडसमोर खेळायचा. मुख्य संघात आला तेव्हा त्याचं ‘पहिलं वर्ष’ नेमकं कोणतं, हे कोणी मोजत नसे, कारण क्लबात तो आधीपासूनच होता. वाईट खेळला तर एक पायरी खाली जायचा, आणि त्याची बातमी गल्लीपुरती राहायची.

ही शिडी एकेक पायरी करून काढली गेली. नोव्हेंबर १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला. १९९१ नंतर १९ वर्षांखालील स्पर्धा बंद पडली आणि १९९२ पासून क्लबांशी थेट नातं नसलेली १८ वर्षांखालील स्पर्धा सुरू झाली. १९९९ नंतर लीगची स्वतःची राखीव स्पर्धाही संपली आणि मुलं राज्य पातळीवरच्या स्पर्धांमध्ये खेळू लागली. आता मुलगा अठराव्या वर्षी, अनेकदा घरापासून हजारो किलोमीटर लांब, एका अनोळखी क्लबात दाखल होतो आणि त्याच्याबरोबर एक क्रमांक येतो. पहिली निवड, सहावी निवड, चाळिसावी निवड. आयपीएलच्या लिलावाने जशी कोवळ्या पोरांच्या गळ्यात किंमत बांधली, तसाच हा क्रमांक, फक्त लिलावातली किंमत पुढच्या लिलावात बदलते आणि हा क्रमांक निवृत्तीच्या बातमीतही छापला जातो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. ड्राफ्टने त्या पाळण्यांनाच नंबर दिले.

मग १९९३ मध्ये लीगचा रायझिंग स्टार, म्हणजे ‘उगवता तारा’, पुरस्कार आला. इथून ‘दुसरं वर्ष’ या शब्दाचा गुंता सुरू होतो, आणि माझ्या मते अर्धा वाद या गुंत्यातूनच जन्मतो, म्हणून इथे जरा थांबू.

पुरस्काराचा नियम साधा दिसतो. त्या वर्षीच्या १ जानेवारीला खेळाडू २१ वर्षांखालचा हवा, आणि हंगाम सुरू होताना त्याच्या नावावर दहा किंवा त्याहून कमी सामने हवेत. नियमात ‘पहिलं वर्ष’ असे शब्दच नाहीत. पण दर फेरीला एकाचं नामांकन होतं, त्याचा फोटो छापून येतो, आणि लोकांच्या मनात हा ‘पहिल्या वर्षाचा’ पुरस्कार होऊन बसतो. पुरस्काराचा पहिला विजेता तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमधलं सर्वोत्तम खेळाडूचं पदक आदल्याच वर्षी जिंकून आलेला, मोठ्यांमध्ये मुरलेला खेळाडू होता. त्याचं पहिलं वर्ष आणि शाळेतून थेट आलेल्या मुलाचं पहिलं वर्ष एका मापाने कसं मोजायचं?

पुढची दोन उदाहरणं अजून बोलकी आहेत. २०२१ चा विजेता ड्राफ्टमधून २०१९ च्या अखेरीस आला होता. २०२० मध्ये तो सहा सामने खेळला, म्हणून पुढच्या वर्षी पात्र राहिला आणि दुसऱ्या हंगामात ‘उगवता तारा’ ठरला. त्याच वर्षी त्याच्या क्लबने अजिंक्यपदही जिंकलं. २०२४ चा विजेता तर क्लबच्या यादीत तिसऱ्या वर्षी होता. म्हणजे एकाच काळात एक मुलगा दुसऱ्या वर्षात ‘कोसळला’ म्हणून झोडपला जातो, आणि त्याच्याच ड्राफ्टमधला दुसरा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात नवोदित म्हणून गौरवला जातो. दोघांचं वय सारखं, यादीतली वर्षं सारखी. फरक एवढाच, की पहिल्याने पहिल्याच वर्षी दहा सामने ओलांडले. जो लवकर तयार झाला, त्याचीच मुदत लवकर संपली.

त्यात फँटसी (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून गुण मोजण्याचा खेळ) खेळणाऱ्यांची वेगळी भाषा मिसळली. त्यांच्याकडे ‘तिसऱ्या वर्षाचा बहर’ असा ठोकताळा आहे, आणि खेळाडूची किंमत आदल्या वर्षीच्या गुणांच्या सरासरीवर ठरते. सरासरी ८५ वरून ७० वर आली, की त्यांच्यासाठी तो शुद्ध तोटा. तो मुलगा आता हाफ-बॅकवरून (बचावातल्या पुढच्या रांगेतून) मध्यफळीत हलवला गेलाय, तिथे त्याला चेंडू मोकळ्या जागेत मिळत नाही, गर्दीतून ओढून काढावा लागतो, हे सरासरीत दिसत नाही. तेव्हा कोणी ‘दुसरं वर्ष’ म्हटलं, की आधी विचारायला हवं : यादीतलं, मैदानावरचं, की नव्या जागेवरचं? सामने मोजले तर वर्षं मोजण्यापेक्षा खूप काही उलगडतं. पहिल्या वर्षी चार सामने खेळलेल्या मुलाचा दुसरा हंगाम म्हणजे व्यवहारात पहिलाच.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी निसटते. दुसऱ्या वर्षी चर्चा होते ती पहिल्या वर्षी चमकलेल्यांचीच. ज्याचं पहिलं वर्ष साधारण गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षाकडे कोणाचं लक्ष नसतं. असामान्य वर्षानंतर थोडं सामान्य वर्ष येणं हे कोणत्याही खेळात घडतंच. आपण निवडूनच उंचावरची माणसं पाहतो आणि ती खाली आली म्हणून हळहळतो.

घसरणीला खरी कारणंही आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या प्री-सीझनमध्ये क्लब पोरांच्या सरावाचा भार मुद्दाम कमी ठेवतात. दुसऱ्यात तो वाढतो, आणि जांघ, पाठीचा कणा, पायाची हाडं कुरकुरू लागतात. मध्यफळीतला खेळाडू सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावतो. पूर्वी दमला की हवं तेव्हा बाकावर येता यायचं. २०१४ मध्ये सामन्यात खेळाडूंच्या अदलाबदलीवर प्रत्येक संघाला १२० ची मर्यादा आली, २०१६ मध्ये ती ९० झाली आणि २०२१ मध्ये ७५. याचा सर्वांत जास्त फटका न मुरलेल्या शरीरांना बसला. उंच फॉरवर्ड (गोलपुढचे खेळाडू) आणि रकमन (वर उडालेल्या चेंडूसाठी उडी घेऊन झुंजणारे) यांना तर अंगात ताकद भरायला चार-पाच वर्षं लागतात, हे प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असतं. प्रेक्षकांनाही माहीत असतं, फक्त आपल्या क्लबच्या बाबतीत आठवत नाही.

उंच मुलांच्या बाबतीतला सगळ्यांत वादग्रस्त निर्णय २००९ चा. २००८ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, त्या हंगामात तळाला असलेला मेलबर्नचा क्लब, आणि पदार्पणाला ८ जूनचा राणीच्या वाढदिवसाचा सामना, एमसीजीवर, पारंपरिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. मुलगा मार्चमध्ये अठरा पूर्ण झालेला, अजून बारावीत. लांब हातपायांचा, अंगावर मांस नाही. चेंडू पहिल्यांदा हातात आला आणि समोरच्या संघाचे अनेक जण एकदम अंगावर कोसळले. ते दृश्य पुढे कित्येक वर्षं दाखवलं गेलं, जणू त्याची सगळी कारकीर्द त्या काही सेकंदांतच होती. क्लबला त्या दिवशी गर्दी आणि आशा दोन्ही हवी होती, हे समजण्यासारखं आहे. पण मुलाला अजून वर्षभर राखीव संघात वाढू दिलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं, असं मला आजही ठामपणे वाटतं. पुढच्या वर्षी, म्हणजे त्याच्या दुसऱ्या हंगामात, प्रत्येक सामन्यानंतर त्याची तुलना त्याच ड्राफ्टमधल्या दुसऱ्या क्रमांकाशी होत राहिली. तो पश्चिम ऑस्ट्रेलियाचा, दोन मीटर उंचीचा, उड्यांनी स्टेडियम हलवणारा रकमन. पहिली निवड असलेला मुलगा त्या क्लबसाठी १५३ सामने खेळला. एवढे सामने खेळायला मिळणारे थोडे. तरी ‘फसलेली निवड’ हा शिक्का पुसला गेला नाही.

२०१३ ची पहिली निवडही उंच फॉरवर्डच होता. सिडनीच्या पश्चिमेकडच्या नव्या क्लबात एक हंगाम, नऊ सामने, आणि मग मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या क्लबने आपला कर्णधार आणि ड्राफ्टमधली सहावी निवड देऊन त्याला आणलं. सात वर्षांचा करार, सुमारे सत्तर लाख डॉलरचा. २०१५ हे त्याचं दुसरं वर्ष. किती गोल म्हणजे दहा लाख डॉलर वसूल, असे हिशेब मांडले गेले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने काय खावं, कसं हसावं, इथपर्यंत लोक बोलत होते.

पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्याचा शेवटचा टप्पा ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो क्षण सांगायला नको, पण मी सांगतोच. सिडनीच्या मोठ्या फॉरवर्डला मागून टॅकल बसतो, चेंडू सुटतो, या मुलाच्या हातात येतो. पन्नास मीटरच्या रेषेच्या बाहेरून तो किक मारतो. गोलपुढे कोणी नाही. चेंडू टप्पा घेतो, पुन्हा घेतो आणि खांबांच्या मधून आत जातो. त्या दिवशीचा त्याचा तिसरा गोल. क्लबचं १९५४ नंतरचं पहिलं अजिंक्यपद, ६२ वर्षांनी. दुसऱ्या वर्षी लिहिलेले सगळे हिशेब तिथे संपायला हवे होते. ते संपले नाहीत. २०१७ मध्ये मानसिक आरोग्याच्या कारणाने त्याने खेळातून विश्रांती घेतली, आणि २०१९ मध्ये, करार शिल्लक असताना, तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. एकूण ६१ सामने. नंतर तो या विषयावर उघडपणे बोलत राहिला. या वादात टीकेची भाषा थोडी सौम्य झाली असेल, तर त्यात त्याच्या बोलण्याचा मोठा वाटा आहे.

मग २०२० ने सगळी मापंच बिघडवली. मार्चमध्ये एक फेरी होऊन लीग थांबली, जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. २२ ऐवजी १७ सामने, २० ऐवजी १६ मिनिटांचे क्वार्टर, व्हिक्टोरियातले क्लब महिनोन् महिने क्वीन्सलँडच्या हॉटेलांत, आणि अंतिम सामना ब्रिस्बेनला. राज्य पातळीवरची व्हिक्टोरियातली स्पर्धा रद्द, त्यामुळे संघाबाहेरच्या पोरांना खरा सामनाच नाही. त्यांचं २०२१ हे दुसरं वर्ष म्हणायचं की पहिलं? डिसेंबर २०२० च्या ड्राफ्टमधल्या व्हिक्टोरियातल्या मुलांची १८ वर्षांखालील स्पर्धा तर झालीच नव्हती. आदल्या वर्षीच्या चित्रफितींवर त्यांची निवड झाली. या दोन तुकड्यांवर दुसऱ्या हंगामात झालेली टीका मला सर्वांत अन्यायाची वाटते.

‘ब्लूज’ वगैरे काही नसतं, असं म्हणणारे हमखास २०२३ चं उदाहरण देतात. वडिलांच्याच क्लबात आलेला, पहिल्या वर्षी प्रत्येक सामना खेळून रायझिंग स्टार ठरलेला मध्यफळीतला मुलगा. दुसऱ्या हंगामात त्याने लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाच्या मोजणीत २८ मतं मिळवली, विजेत्यापेक्षा फक्त तीन कमी, तेही शेवटच्या तीन फेऱ्या न खेळता, वर अजिंक्यपद. पण त्याच हंगामातली एकविसावी फेरी पाहा. समोरच्या संघाने एक खेळाडू फक्त त्याच्यामागे सोडला. तो सावलीसारखा चिकटला : चेंडू कुठेही असो, त्याची नजर चेंडूवर नाही, या मुलाच्या छातीवर. दिवसभरात या मुलाला पाच डिस्पोझल (किक किंवा हाताने पुढे दिलेले चेंडू) मिळाले, त्यात गुडघ्याला इजा. देशातल्या सर्वोत्तम दुसऱ्या हंगामातही असा एक दिवस आला. टॅग, म्हणजे असा चिकटलेला पहारा, हा पहिल्या वर्षी सहसा वाट्याला न येणारा मान आहे. दुसऱ्या वर्षी तो येतो, आणि त्यातून सुटायचं कसं, हे शिकायला बहुतेकांना एका सामन्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शेवटी कराराचं. ड्राफ्टमधून येणाऱ्याचा पहिला करार वर्षानुवर्षं दोन वर्षांचा होता. म्हणजे दुसरा हंगाम हाच करार संपण्याचा हंगाम. खेळ घसरला की ‘ठेवायचा की सोडायचा’ हा प्रश्न लगेच उभा. घर लांब असेल तर ‘तो परत जाणार का’ हा प्रश्न वेगळाच. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या अलीकडच्या सामूहिक करारात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या मुलांना तीन वर्षांची हमी मिळाली. नावाजलेल्या मुलांच्या दुसऱ्या वर्षावरची टांगती तलवार त्यामुळे थोडी दूर गेली. चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाने आलेल्यांसाठी दोन वर्षांचीच मुदत राहिली. त्यांचा दुसरा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस संपतो, क्लबच्या कचेरीत बोलावणं येतं आणि पाच मिनिटांत बाहेर पडावं लागतं. त्यांच्याबद्दल मे महिन्यात कोणी भांडलेलं नसतं.