टाकीतली हवा: झाकणाच्या भोकापासून कोळशाच्या डबीपर्यंत

मे महिना आला की सोलापुरातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. दुचाकी उन्हात उभी होती, टाकीचं झाकण उघडलं तर फुस्सकन आवाज आला, पेट्रोलचे शिंतोडे हातावर उडाले. गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजात मीही याच तक्रारीसाठी बसलो होतो. शेजारचा एक पोरगा मिस्त्रींना म्हणाला, “अण्णा, झाकणाला भोक पाडून द्या की. आमच्या जुन्या गाडीला असंच केलं होतं.” अण्णांनी पाना खाली ठेवला. “त्या गाडीला चाललं. हिला नको.”

हा फरक समजायला कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या काळात जावं लागतं. बुलेट, येझदी, राजदूत आणि 1985 साली आलेली हिरो होंडा सीडी 100, या गाड्यांत पेट्रोल ढकलणारा पंप नव्हता. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक. पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरायचं. 30 सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम 2 टक्के भरतो. म्हणजे पेट्रोल उतरताना रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरची हवा शिरली नाही, तर एवढ्याशा ओढीनंही धार थांबते. म्हणून झाकणात बारीक छिद्र ठेवलेलं असायचं.

त्या काळातला बिघाड बहुतेक वेळा ओढीचा. धूळ, धुलाईचं पाणी, पॉलिशचा थर बसून छिद्र बुजायचं. गाडी पाच-सात किलोमीटर छान पळायची आणि होटगी रोडला मध्येच बंद पडायची. झाकण उघडलं की हवा सूंकन आत जायची आणि गाडी पुन्हा सुरू. बारीक तारेनं छिद्र साफ केलं की काम झालं. ज्यांना वारंवार त्रास व्हायचा ते भोकच मोठं करून घ्यायचे. पोराच्या डोक्यात तोच उपाय बसलेला होता.

त्या छिद्रातून हवा आत यायची तशी वाफ बाहेरही जायची, दिवसरात्र. पेट्रोलची वाफ, गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून शहराच्या हवेत ओझोन हा घातक वायू तयार होतो, हे कॅलिफोर्नियात आधी ओळखलं गेलं. 1970 पासून तिथल्या मोटारींना आणि 1980च्या दशकात मोटारसायकलींना वाफ अडवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे दुचाकींसाठी ही अट भारत स्टेज 4 या सरकारी प्रदूषण मानकाबरोबर आली: नव्या मॉडेलना एप्रिल 2016 पासून, सगळ्यांना 1 एप्रिल 2017 पासून. सर्वोच्च न्यायालयानं त्या तारखेनंतर जुन्या मानकाच्या गाड्या विकायला मनाई केली, तेव्हा मार्चअखेरीस शोरूमवर पडलेल्या उड्या अनेकांना आठवत असतील. ही अट लागू नसलेल्या त्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, म्हणून आधी गाडीचं साल विचारावं लागतं. एप्रिल 2020 पासूनच्या भारत स्टेज 6 मध्ये बंद खोलीतल्या चाचणीत गाडीतून दीड ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निसटता कामा नये.

आता वाफ टाकीतून नळीनं एका डबीत जाते. तिला कॅनिस्टर म्हणतात. आतला सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती ओढून जाळली जाते. वाटेत एक व्हॉल्व्ह असतो, गाडी आडवी झाली तरी पेट्रोल सांडू नये म्हणून. म्हणजे टाकीला मोकळं व्हायची वाट आता लांब आणि नाजूक झाली. नळी मुडपली, व्हॉल्व्ह अडकला, डबीचं हवेचं तोंड चिखलानं बंद झालं, की दाब साठलाच. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलेल्या आताच्या गाडीत पंप सुमारे 3 बारनं, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तिपटीनं, पेट्रोल ढकलतो, त्यामुळे गाडी बंद पडून इशारा देत नाही. झाकण उघडेपर्यंत कळत नाही.

अण्णांनी माझी गाडी सावलीत गार होऊ दिली, झाकण एकदा उघडून लावलं आणि चक्कर मारून आणायला सांगितलं. परतल्यावर पुन्हा फुस्स, बाहेरच्या दिशेनं. मग इंजिन निवल्यावर नळी डबीच्या तोंडाशी सोडवली आणि परत चक्कर. आवाज गेला असता तर दोष डबीत. तो आलाच, म्हणजे अडथळा डबीच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. टाकी उचलली तर नळी फ्रेमखाली चेपून कागदासारखी चपटी झालेली. आधीच्या सर्व्हिसिंगला टाकी बसवताना ती दबली होती. पाच मिनिटांचं काम. भोक पाडलं असतं तर तिथून गरम इंजिनावर वाफ आणि पावसात टाकीत पाणी, एवढंच हाती आलं असतं.

हलका उसासा मात्र मे महिन्यात बिघाड नव्हे. पेट्रोल प्रत्येक अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं 10 लिटर गार पेट्रोल उन्हात 20 अंशांनी तापलं तर जवळपास 200 मिलिलिटर वाढतं. म्हणून गळ्यापर्यंत टाकी भरणं मला अजिबात पटत नाही. वाढलेलं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं.

इथेनॉलवरही लोक खापर फोडतात. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमुळे तो विषय घरचाच. पेट्रोलमध्ये सुमारे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं की मिश्रणाची वाफ थोडी जास्त होते हे खरं. त्यापुढे प्रमाण वाढवलं तरी वाफ वाढत नाही, हळूहळू उतरते. पण मोकळ्या नळीला तेवढी वाफ सहज झेपते. कॅनिस्टर हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळलं, तर मात्र कोळसा भिजलेला असतो आणि डबी बदलावीच लागते.