क्रीडाश्वानांचे आरोग्य व प्रशिक्षण (ठाणे-नवी मुंबई परिसर)

शर्यत, अडथळ्यांचा खेळ, आज्ञापालन, माग काढणे अशा स्पर्धांत उतरणाऱ्या कुत्र्याची प्रकृती सांभाळणे आणि त्या प्रकृतीच्या बेताने त्याचा सराव आखणे या कामाला क्रीडाश्वानाचे व्यवस्थापन म्हणता येईल. आजारपण पशुवैद्याकडे आणि सराव प्रशिक्षकाकडे अशी वाटणी बहुतेक मालक करतात. पण सरावातली मरगळ हेच पुष्कळदा आजाराचे पहिले लक्षण असते आणि चुकीच्या सरावातून सांध्यांची व स्नायूंची दुखणी उद्भवतात, त्यामुळे ही वाटणी फार काळ टिकत नाही. ठाणे व नवी मुंबईत स्पर्धेचा कुत्रा सहसा फ्लॅटमध्ये, घरातल्या माणसांबरोबर वाढतो. त्याच्या वाट्याला गुळगुळीत फरशी, वातानुकूलित खोली, दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जवळजवळ वर्षभर पिच्छा न सोडणारी गोचीड येते, आणि परदेशी पुस्तकांतले वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही.

खेळांचे स्वरूप. अडथळ्यांच्या खेळाला, म्हणजे अ‍ॅजिलिटीला, १९७८ साली इंग्लंडमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनातून सुरुवात झाली. घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवर बेतलेला तो करमणुकीचा कार्यक्रम होता. पुढे त्याला स्वतंत्र नियम मिळाले. उड्या, बोगदा, सीसॉ, उतरती फळी आणि ओळीत रोवलेल्या खांबांमधून नागमोडी धाव असा हा मार्ग तरबेज कुत्रा मिनिटभराच्या आत पुरा करतो. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तीन भागांची जर्मन परंपरेतील परीक्षा पूर्वी शुत्झहुंड म्हणून ओळखली जाई. २०१९ पासून तिला आयजीपी म्हणतात. भारतात वंशनोंदणी आणि अधिकृत प्रदर्शने यांचा कारभार चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया पाहतो. या परिसरात सरावाला येणाऱ्यांत जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन आणि अलीकडे बेल्जियन मॅलिन्वा हे ठळकपणे दिसतात. महाराष्ट्राचा स्वतःचा धावणारा कुत्रा म्हणजे कारवान. लांब पायांचा, अंगावर चरबी जेमतेम असलेला. रस्त्यावरून घरी आणलेले देशी कुत्रेही चपळाईत मागे नसतात, आणि येथील हवा त्यांना बाकीच्यांपेक्षा चांगली मानवते.

वय आणि हाडे. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा जातीनुसार साधारण बारा ते अठरा महिन्यांत मिटतात. मोठ्या चणीच्या जातींत त्या उशिरा मिटतात. तोवर उंच उड्या, वेगात घेतलेली वळणे आणि मोटारसायकलबरोबर पळवणे टाळावे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत अ‍ॅजिलिटीसाठी किमान वय अठरा महिने ठेवलेले आहे. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पिल्लाला मैदानावरील उडीइतकीच हॉलमधली व्हिट्रिफाइड टाइल धोक्याची असते. बेल वाजली की ते दाराकडे झेपावते, मागचे पाय फाकतात आणि खुब्यावर रोज ताण येतो. जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. खुब्याचा सांधा सैल बसण्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेझिया, शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर यांच्यात आनुवंशिक असतो व क्ष-किरण चित्रावरून त्याची प्रतवारी करतात. उड्यांचा सराव सुरू करण्यापूर्वीच हे चित्र काढून घेतलेले बरे. नसबंदीच्या वयाचाही येथे संबंध येतो. गोल्डन रिट्रीव्हर जातीवरील २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये सांध्यांचे विकार अधिक आढळले, म्हणून मोठ्या जातीच्या क्रीडाश्वानाबाबत हा निर्णय पशुवैद्याशी बोलून वयाचा विचार करून घ्यावा.

वजन आणि आहार. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर जन्मभर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर भरपेट खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे निघाले. सांधेदुखीही पहिल्या गटात उशिरा आली. शरीरस्थितीच्या नऊ गुणांच्या मापनात चार ते पाच गुण योग्य समजतात. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात. आपल्याकडे गुबगुबीत कुत्रा पाहून शेजारी कौतुक करतात आणि नेमक्या मापाचा कुत्रा पाहून ‘याला खायला घालत नाही का?’ असे विचारतात. या कौतुकाकडे काणाडोळा करणे मालकाला जमले पाहिजे. मिनिटभराच्या धावेसाठी बर्फावर ओढगाडी ओढणाऱ्या कुत्र्याएवढा खुराक लागत नाही. पोळी-दूध किंवा दहीभात यांवरच ठेवलेल्या कुत्र्याला प्रथिने अपुरी पडतात. शाकाहारी घरात अंडे किंवा मांस शिजत नसेल तर तयार संतुलित खाद्य वापरावे. सरावात दिलेल्या खाऊचे उष्मांक दिवसाच्या जेवणातून वजा करावेत. कांदा, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) आणि द्राक्षे विषारी ठरतात. मनुका हीही द्राक्षेच असल्याने गणपतीतला मनुका घातलेला शिरा कुत्र्यापासून दूर ठेवावा. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा विकार संभवतो. पोट फुगणे, ओकारीचे उमाळे येऊनही काही बाहेर न पडणे आणि अस्वस्थता एकत्र दिसल्यास सकाळपर्यंत वाट पाहू नये. भरल्या पोटी सराव न घेणे ही त्यातली साधी खबरदारी आहे.

उष्मा. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी पावलांच्या गाद्यांपुरत्याच असतात. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापून, म्हणजे जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ करून, बाहेर टाकतो. हवेत आधीच दमटपणा असेल तर ही वाफ नीट होत नाही. त्यामुळे पुण्यातील कोरड्या ३६ अंशांपेक्षा वाशीतील दमट ३३ अंश कुत्र्याला जड जाऊ शकतात, आणि मोबाइलवरचे तापमान पाहून सराव ठरवणारा मालक फसतो. एप्रिल-मे जितका वाईट, तितकाच पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबरही. त्या काळात सराव उजाडतानाच उरकावा; संध्याकाळी सात वाजता हवा सुसह्य वाटली तरी पेव्हर ब्लॉक आणि डांबर तापलेलेच असतात. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता येत नसेल तर तेथे पंजाही टेकवू नये.

उष्म्याला सरावण्याची शक्ती शरीरात असते, पण त्यासाठी काही आठवडे हळूहळू वाढत जाणारा संपर्क लागतो. दिवसभर एसीत झोपणारा आणि रविवारी एकदम तासभर मैदानात उतरवलेला कुत्रा याबाबतीत सर्वांत असुरक्षित होय. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोराच्या धावेनंतर निरोगी कुत्र्यातही ते काही काळ ४१ अंशांच्या आसपास जाते, म्हणून निव्वळ आकड्यावरून निदान होत नाही. हाक मारल्यावर लक्ष न देणे, पाय लटपटणे, हिरड्या गडद लाल किंवा विटकरी होणे, चिकट लाळ आणि सावलीत नेऊनही न थांबणारी धाप ही खरी धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी आधी थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. नळाचे किंवा बाटल्यांचे पाणी अंगभर सतत ओतावे, पंखा लावावा; ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, कारण तो थोड्याच वेळात स्वतः तापून उष्णता कोंडतो. तापमान ३९.५ पर्यंत उतरले की ओतणे थांबवावे. लॅब्रॅडॉरमध्ये पाच ते पंधरा मिनिटांच्या जोराच्या खेळानंतर मागचे पाय लुळे पडण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे जनुक २००८ मध्ये ओळखले गेले. तो उष्माघातासारखा दिसत असल्याने अशी घटना घडलेल्या कुत्र्याची जनुकीय चाचणी करून घ्यावी.

पावसाळा, लेप्टो आणि गोचीड ताप. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. माणसांनाही तो होतो. पावसाळी डबक्यात कुत्र्याला खेळू न देणे आणि लेप्टोची लस दरवर्षी देणे हे दोन्ही आवश्यक आहे, कारण लसीत जंतूच्या सर्व प्रकारांचा समावेश नसतो.

स्पर्धेच्या कुत्र्याचा हंगाम सर्वांत गुपचूप बुडवणारा आजार मात्र गोचीड ताप होय. तपकिरी गोचीड एर्लिकिया हा जीवाणू आणि बॅबेशिया हा एकपेशीय परजीवी वाहून आणते. अवस्थांतर करताना ती कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, खिडकीच्या चौकटीमागे, एसीच्या पाइपालगत दडून राहते. म्हणूनच बाराव्या मजल्यावरच्या बंद घरातही तिची पैदास होते आणि केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही. तीव्र अवस्थेत ताप, अन्नावरची वासना जाणे, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसतात. जुनाट अवस्थेत यांपैकी काहीच न दिसता कुत्रा नुसता दोन उड्या आधी दमतो. रक्तक्षयामुळे दम कमी झालेला असतो आणि मैदानावर त्याला आळशी ठरवले जाते. रक्ततपासणीत प्लेटलेट आणि लाल पेशी उतरलेल्या दिसतात. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवू नयेत. बॅबेशियावर हे औषध पुरे पडत नाही, त्यामुळे अंदाजाने उपचार न करता आधी रक्त तपासावे. पेशी पूर्ववत झाल्याचे दुसऱ्या तपासणीत दिसेपर्यंत जोराचा सराव बंद ठेवावा. कारवान आणि ग्रेहाउंड गटातील कुत्र्यांचे रक्त वाचताना जपावे लागते. ग्रेहाउंडमध्ये लाल पेशींचे प्रमाण मुळातच अधिक असते, आणि इतर जातींत ठीक वाटणारा आकडा त्याच्यात घट दाखवत असू शकतो.

प्रत्येक सरावानंतर अंगावरून हात फिरवण्याची एक पद्धत ठरवून घ्यावी. प्रथम कानाच्या पाळीची दुमड आणि कानाची आतली बाजू, मग गळपट्ट्याखालची जागा, काखा, जांघा आणि शेवटी प्रत्येक पायाच्या बोटांमधली कातडी. लहान गोचीड तिळाएवढी असते. ती दिसण्याआधी बोटाला लागते. त्याच फेरीत गादीवरची चीर, तुटलेले नख, एखाद्या सांध्याचा गरमपणाही कळतो. ओठ उचलून हिरडी दाबावी. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी.

‘ऐकत नाही’ की दुखते आहे? खांद्याचे व कमरेचे स्नायू, मनगट, बोटे आणि गुडघ्यातील अस्थिबंध ही अडथळ्यांच्या खेळातील दुखापतीची नेहमीची ठिकाणे आहेत. कुत्रा दुखणे झाकतो आणि स्पर्धेच्या उत्साहात तर पुरते विसरतो. काल सहज मारलेली उडी आज टाळणे, खांबांतून जाताना एकाच बाजूला चुकणे, ‘बस’ म्हटल्यावर एका कुल्ल्यावर कलून बसणे, गाडीत चढताना क्षणभर थबकणे हे सारे आधी वैद्यकीय प्रश्न आहेत, शिस्तीचे नंतर. हा क्रम उलटला की दुखऱ्या कुत्र्याला आणखी उड्या मारायला लावल्या जातात. पुढच्या पायाने लंगडणारा कुत्रा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली नेतो. सपाट जागी दुडक्या चालीत चालवून समोरून, मागून व बाजूने मोबाइलवर संथ गतीत चित्रण केले तर साध्या नजरेला न दिसणारा फरक सापडतो, आणि दवाखान्यात उत्तेजित झालेला कुत्रा सरळ चालू लागला तरी पशुवैद्याला दाखवायला पुरावा राहतो.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेनने जठराला व्रण होतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्यासाठीची औषधेही दुखणे दाबून स्पर्धेत उतरवण्याकरिता नसतात. तसे करणे क्रीडानियमांविरुद्ध आहेच, शिवाय अर्धवट फाटलेला अस्थिबंध अशाने पुरता तुटतो.

सरावाची आखणी. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटे चालणे व हलकी दुडकी, मग मुख्य काम आणि शेवटी धाप उतरेपर्यंत सावकाश फेरी हा क्रम पाळावा. काम छोट्या तुकड्यांत घ्यावे. कंटाळलेला कुत्रा चुकीची हालचालच पक्की करतो. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती आणि उंच उड्या दोन-तीन दिवसच, उरलेल्या दिवशी जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून पावले टाकणे, मागे चालणे, तोल सांभाळणे असे पायाभूत व्यायाम घ्यावेत. भर पावसात चिखलावर उड्या बंद ठेवून हे व्यायाम पार्किंगमध्ये मॅट अंथरून करता येतात. योग्य कृतीला त्याच क्षणी खूण (ठरलेला आवाज किंवा शब्द) आणि पाठोपाठ बक्षीस ही पद्धत आज सर्वमान्य आहे. आज्ञा ‘सिट’ असो वा ‘बस’, घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजी ‘बस रे बाळा’, मुलगा ‘सिट’ आणि प्रशिक्षक तिसरेच काही म्हणत असेल तर दोष कुत्र्याचा नव्हे. मारहाण करून शिकवणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. कुत्र्यांच्या झुंजी लावण्यास तर हा कायदा स्पष्ट मनाई करतो.

जागा. मोकळी, सपाट, कुंपणाची जमीन ही या दोन्ही शहरांतली मोठी अडचण आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यावर वा त्याच्या लिफ्टवापरावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरीही सोसायटीच्या बागेत अडथळे मांडायचे तर समितीशी गोडीने बोलूनच मार्ग निघतो. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते व तेथे बिबट्यांचा वावर आहे. कुत्रा हे त्यांचे परिचित भक्ष्य असल्याने पहाटे किंवा अंधार पडताना त्या बाजूला कुत्र्याला मोकळे सोडू नये. नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागी हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. तेथेही पट्टा हातातच हवा, कारण पक्ष्यांमागे धावण्याने त्यांचे चरणे मोडते आणि खाडीच्या चिखलात रुतलेल्या कुत्र्याचा पाय मुरगळतो.

उपचारसोयी. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे, आणि गुंतागुंतीच्या रुग्णांना ठाणे-नवी मुंबईहून तेथे पाठवले जाते. नेहमीच्या तपासण्या घराजवळच्या दवाखान्यात होतात. लसीकरण, जंतनाशक, वजन, रक्ततपासणी आणि लंगडण्याच्या तारखा एकाच वहीत टिपलेल्या असतील तर नव्या पशुवैद्याला कुत्र्याचा हंगाम दहा मिनिटांत समजतो. दुखापतीनंतर परतताना उड्यांची उंची आधी निम्म्यावर आणावी आणि दर आठवड्याला लंगडणे तपासूनच वाढवावी. सात-आठ वर्षांपुढील कुत्र्यासाठी ती पुन्हा पूर्ण न वाढवता कमीच ठेवावी.