वॉर्म-अप आणि कूल-डाउन: जोडी एक, कुंडल्या दोन

व्यायामाच्या कुठल्याही वेळापत्रकात वॉर्म-अप (आधी अंग तापवणं) आणि कूल-डाउन (शेवटी हळूहळू थांबणं) जोडीनेच येतात. वॉर्म-अपला मात्र वारंवार परीक्षा द्यावी लागली, आणि कूल-डाउनचं बराच काळ वॉर्म-अपच्या पुण्याईवर भागलं.

दोन्ही कल्पना जुन्या आहेत. ग्लॅडिएटरांवर उपचार केलेला दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन याने व्यायामाआधी अंग चोळून मऊ करायला सांगितलं, आणि नंतर थकवा घालवण्यासाठी हलकं मर्दन आणि स्नान. या नंतरच्या भागाला तो 'अपोथेरपिया' म्हणतो. पुढे पेर लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्या स्वीडिश पद्धतीत सुरुवात सोप्या हालचालींनी आणि शेवट श्वसनाच्या व्यायामांनी होई. हे सगळं अनुभवावर चाललेलं. मोजलं कुणीच नव्हतं.

मोजलं ते आस्मुसन आणि ब्योये या डॅनिश संशोधकांनी, 1945 मध्ये. स्नायू तापला की काम वाढतं, मग तो आधीच्या व्यायामाने तापो की गरम शॉवरने, असं त्यांना दिसलं. तापलेल्या स्नायूत रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि रक्तातला ऑक्सिजन सहज सुटतो.

प्रश्न इथेच मिटायला हवा होता, पण नाही. 1956 मध्ये कारपोविच आणि हेल यांना 440 यार्डांच्या धावेत वॉर्म-अपचा काहीच फायदा दिसला नाही. मग शंका आली की हा सगळा मनाचा खेळ तर नाही? 1961 मध्ये एका प्रयोगात लोकांना चक्क संमोहित केलं, म्हणजे आपण वॉर्म-अप केला की नाही हेच त्यांना आठवू नये. मग सायकल मारायला लावली. वॉर्म-अप केल्या-न केल्याने फरक पडला नाही! प्रयोग छोटा होता, पण शंका घेण्याची ही तऱ्हा मला आवडते.

वॉर्म-अपची बाजू सावरली ती हृदयाने. 1973 मध्ये बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांना तयारीशिवाय एकदम जोरात पळवलं. बऱ्याच जणांच्या ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा दिसल्या. आधी हळूहळू पळवल्यावर त्या बऱ्याच कमी झाल्या.

त्याच सुमारास वॉर्म-अप म्हणजे जागेवर स्नायू ताणून धरणं, असा समज रूढ झाला. 2000 मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या 1538 नव्या जवानांवरचा अभ्यास आला: सरावाआधी स्नायू ताणून धरल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. उलट धावणं, उड्या, तोल आणि ताकदीचे व्यायाम असलेल्या 'फिफा 11+' या कार्यक्रमाने नॉर्वेतल्या किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींच्या दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्याचं 2008 मध्ये छापून आलं. म्हणजे वॉर्म-अप टिकला, पण रूप बदलून.

कूल-डाउनची भिस्त जोरदार व्यायामात स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लावर होती. हिल आणि मायरहोफ या शास्त्रज्ञांना स्नायूंवरच्या कामासाठी 1922 चं नोबेल मिळालं, आणि थकवा, दुखणं सगळ्याचं खापर या आम्लावर फुटू लागलं. शेवटी हलकं चाललं की ते लवकर निघून जातं, हे खरंच आहे. पण न चालताही ते तासाभरात ओसरतं. अंग दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्नायूत सूक्ष्म फाटणं होत असावं, असं हफ यांनी 1902 मध्येच मांडलं होतं. ते मागे पडलं.

2007 मध्ये लॉ आणि हर्बर्ट यांनी लोकांना उतारावर लावलेल्या ट्रेडमिलवर अर्धा तास उलटं चालवलं. असं चाललं की पोटऱ्या हमखास धरतात. आधी वॉर्म-अप केलेल्यांना थोडं कमी दुखलं, नंतर कूल-डाउन केलेल्यांना मात्र तो न केलेल्यांइतकंच दुखलं. 2018 च्या एका मोठ्या आढाव्यातही कूल-डाउनच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

तरी तो पुरता मोडीत निघालेला नाही. जोरात पळून एकदम थांबलं की पोटऱ्यांचा रक्त वर ढकलणारा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं, दाब उतरतो आणि भोवळ येते. शिवाय हृदयाला पळवणारी ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत आणखी चढतात, हे 1984 मध्ये मोजलं गेलं. त्यामुळे हृदयविकार असलेल्यांच्या व्यायामात शेवटची पाच-दहा मिनिटं हळू चालणं आजही सक्तीचं मानतात.