ठेक्यावरचा सफाई कामगार गेल्यावर पीएफ, पेन्शन आणि विमा: अर्ज कुठे अडतो

घंटागाडीवर, झाडकामावर किंवा ड्रेनेजच्या कामावर ठेकेदारामार्फत असलेला माणूस गेला, की त्याच्या घरचे युनियनच्या कार्यालयात येतात ते बहुतेक वेळा अर्ज एकदा परत आल्यावरच. तोवर कोणीतरी 'पीएफचा फॉर्म भरून टाका' एवढं सांगितलेलं असतं आणि फॉर्म भरलेला असतो. तो का परत आला, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. अर्ज ज्या ठिकाणी हमखास अडतात, त्या जागा इथे नीट सांगत आहे. महापालिकेच्या आस्थापनेवर कायम असलेल्यांचा भविष्य निर्वाह निधी आणि कुटुंब निवृत्तिवेतन पालिकेकडूनच मिळतं, त्यांची वाट वेगळी आहे. हे सगळं ज्यांची कपात कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जाते त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः ठेक्यावरच्या कामगारांसाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. हक्क एक नाही, तीन आहेत. खात्यात साठलेल्या पीएफसाठी फॉर्म २०, दरमहाच्या पेन्शनसाठी फॉर्म १०-डी आणि विम्याच्या रकमेसाठी फॉर्म ५-आयएफ. तिन्ही मिळून एक एकत्रित फॉर्मही आहे, तो घेतलेला बरा. किती तरी कुटुंबं पीएफचे थोडे पैसे हातात आले की प्रकरण संपलं असं समजतात, आणि त्याहून मोठी विम्याची रक्कम पीएफ कार्यालयातच पडून राहते. ती आपण होऊन घरी कोणी आणून देत नाही.

विम्याची रक्कम कशावर ठरते

कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना १९७६ पासून आहे. कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक पैसाही कापला जात नाही, हप्ता मालकाने भरायचा असतो. म्हणूनच पगाराच्या चिठ्ठीत ती दिसत नाही आणि लोकांना माहीतही नसते. मृत्यूच्या आधी सलग बारा महिने नोकरी असेल तर हिशोब असा होतो: शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, अधिक पीएफच्या सरासरी शिल्लकेचा निम्मा भाग. पगार कितीही असला तरी १५,००० रुपयेच धरतात, निम्मा भाग १,७५,००० च्या वर जात नाही, आणि एकूण कमाल ७ लाख. किमान अडीच लाख.

समजा पीएफ १२,००० वर कापला जात होता आणि सरासरी शिल्लक ६०,००० होती. तर ४,२०,००० आणि ३०,००० मिळून साडेचार लाख होतात. याच माणसाचा पीएफ ठेकेदाराने ६,००० वर दाखवला असेल, तर ३५ पटीचा आकडा २,१०,००० वर येतो. पगार भत्त्यांमध्ये फोडून पीएफ कमी रकमेवर कापला की 'हातात जास्त येतात' म्हणून कामगार गप्प बसतात. त्याची किंमत पुढे घरच्यांना मोजावी लागते.

आता 'सलग बारा महिने' या शब्दांकडे या. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, माणूस तोच, रस्ता तोच, मुकादमही तोच. पण पीएफच्या नोंदीत जुनी नोकरी संपून नवी सुरू झालेली असते, आणि मधले काही आठवडे नवीन निविदेच्या गोंधळात हजेरी लागूनही कपात होत नाही. या खंडामुळे कुटुंबं साडेतीन-चार लाखांवरून थेट काही हजारांवर येत होती. २०२५ मध्ये योजनेत बदल झाला. दोन नोकऱ्यांमध्ये ६० दिवसांपर्यंतचा खंड असेल तर सेवा सलग धरतात, आणि बारा महिने भरले नसतील तरीही किमान ५०,००० रुपये मिळतात. तुमच्या प्रकरणात कार्यालयाने खंडाचं कारण लिहून अर्ज फेटाळला असेल, तर जुन्या आणि नव्या ठेकेदाराच्या तारखा शेजारी शेजारी मांडून दिवस मोजा आणि लेखी हरकत द्या. नुसतं तोंडी विचारलं तर काउंटरवरून 'सिस्टीम घेत नाही' एवढंच उत्तर मिळतं.

त्याच बदलात आजारी कामगारांसाठी आणखी एक गोष्ट आली. शेवटची कपात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव तोवर हजेरीपटावर होतं, तर विमा मिळतो. क्षयरोगाने, लिव्हरने, अपघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस दोन-तीन महिने कामावर येत नाही, आणि ठेकेदार पीएफच्या ऑनलाइन पोर्टलवर 'नोकरी सोडली' अशी नोंद करून मोकळा होतो. ती एक नोंद विम्यावर पाणी फिरवते. म्हणून घरात कोणी लांब आजारी असेल तर रजेचा अर्ज आणि दवाखान्याचे कागद आजच ठेकेदाराकडे द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. हे वाचायला निष्ठुर वाटेल, पण हे काम माणूस हयात असतानाच होतं.

या सहा महिन्यांचा भलताच अर्थ गावभर पसरला आहे. 'मृत्यूनंतर सहा महिन्यांत अर्ज केला नाही, आता काही मिळणार नाही' असं समजून लोक दारातूनच परत जातात. ते सहा महिने शेवटच्या कपातीपासून मृत्यूपर्यंतचे आहेत, अर्जाचे नाहीत. नवरा जाऊन तीन वर्षं झाली असली तरी पीएफ आणि पेन्शनचा अर्ज करता येतो. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका.

पेन्शन कोणाला

कर्मचारी पेन्शन योजनेचा सदस्य नोकरीत असताना गेला आणि एका महिन्याची जरी वर्गणी जमा झाली असेल, तरी पत्नीला किंवा पतीला दरमहा पेन्शन मिळते. दहा वर्षं नोकरी हवी, ही अट निवृत्तीच्या पेन्शनची आहे, विधवेच्या नाही. कार्यालयाबाहेर बसणारे फॉर्म भरणारेसुद्धा हे चुकीचं सांगतात. किमान रक्कम १,००० रुपये आहे, आणि एकावेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के. आई-वडील दोघेही नसतील तर मुलाला ७५ टक्के. मूल कायमचं, पूर्णपणे अपंग असेल तर त्याला आयुष्यभर. हजार रुपये फार नाहीत, पण ते दर महिन्याला येतात, आणि अर्ज उशिरा केला तरी मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी मिळते.

पीएफच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात रक्कम आहे का, हे आधी बघा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि तेव्हा १५,००० च्या वर पगार असलेला कामगार पेन्शन योजनेत येत नाही. रकाना रिकामा असेल तर ठेकेदाराने वर्गणी बरोबर विभागली होती का, हा पहिला प्रश्न.

नॉमिनीचा घोळ

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. पोरगा विशीत कामाला लागतो, फॉर्मवर आईचं किंवा भावाचं नाव टाकतो, पुढे लग्न होतं, आणि तो कागद कोणालाही आठवत नाही. लग्नाआधी केलेलं नामांकन लग्न झाल्यावर आपोआप रद्द होतं. भाऊ तर नियमातल्या कुटुंबात बसतच नाही, त्यामुळे बायको-मुलं असताना त्याचं नाव चालत नाही. वैध नामांकन नसेल तर पीएफ आणि विमा कुटुंबातल्या सगळ्यांत सारखा वाटला जातो: पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील. सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली विवाहित मुलगी यांना वाटा नाही, पण घरात दुसरं कोणीच नसेल तर त्यांनाही मिळतो.

सासू आणि सून दोघी कार्यालयात वेगवेगळे अर्ज टाकतात आणि दोघींचेही अडकतात. अवलंबून असलेल्या आईचा वाटा कायद्यातच आहे, तो नाकारून सुनेचं काम लवकर होत नाही. आणि पेन्शन या वाटणीत येतच नाही. ती पत्नीची आणि मुलांची, पीएफच्या फॉर्मवर कोणाचंही नाव असो. हे आधी घरात बसून बोला, मग एकाच वेळी अर्ज द्या.

वैध नामांकन असेल तर कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. वकिलाला पैसे देण्याआधी एवढं विचारा. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीची असते, ती घेऊन इथे काही उपयोग नाही.

मुलं अज्ञान असतील आणि आईही नसेल, तर आजी-आजोबांना पालकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कोर्टात पाठवलं जायचं. ऑगस्ट २०२५ च्या परिपत्रकानुसार पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होणार असतील तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही. मुलाच्या नावाने खातं उघडा आणि परिपत्रकाचा उल्लेख अर्जात करा, कारण काउंटरवरच्या प्रत्येकाला ते माहीत असेलच असं नाही.

नावं जुळत नाहीत

निम्म्याहून जास्त त्रास इथला आहे, असं मी बघून सांगते. आधारवर 'लक्ष्मी', बँकेत 'लक्ष्मीबाई', रेशनकार्डावर सासरचं आडनाव, मतदान ओळखपत्रावर माहेरचं. नवऱ्याचं पीएफमधलं नाव मुकादमाने सांगितलं तसं टाईप झालेलं, आडनाव आधी, वडिलांचं नाव गायब, जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून. माणसाला यात काही वावगं वाटत नाही, संगणकाला वाटतं.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा मृत्यूचा दाखला हातात घेतल्या घेतल्या त्यावरचं नाव आधारशी ताडून बघा. दवाखान्यात नातेवाईक घाईत टोपणनाव सांगतात आणि तेच दाखल्यावर येतं. ते जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आधी दुरुस्त करा. मृत्यू घरी झाला असेल तर नोंद २१ दिवसांत करायची. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. मग मृताच्या पीएफमधल्या नावाची, जन्मतारखेची दुरुस्ती: त्यासाठी संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं, ते वारस ठेकेदारामार्फत देऊ शकतात. मृत माणसाचं आधार जोडलेलं नसेल किंवा जुळत नसेल तरी दावा मरत नाही, कार्यालयप्रमुखांच्या मंजुरीने कागदी दावा घेण्याची सोय आहे. आणि पत्नीचं आधार, बँक आणि फॉर्म या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एक करा. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आत्ताही काढता येतो का, ते नोंदणी कार्यालयात विचारा. मुलांच्या जन्मदाखल्यावर दोघांची नावं असतील तर तीही जोडा.

बँक खात्याबद्दल एक सूचना. जनधनमध्ये पूर्ण केवायसी न करता उघडलेलं 'लहान खातं' असेल, तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात १ लाखाच्या वर जमा होत नाही. विम्याचे चार लाख अशा खात्यातून परत जातात आणि सगळं पुन्हा सुरू होतं. अर्जाआधी बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा. बाकी फोटो, पासबुकाचं पहिलं पान, रद्द केलेला चेक हे नेहमीचंच.

ठेकेदार सही देत नाही

पोर्टलवर ठेकेदाराने नोकरी संपल्याची तारीख आणि कारण 'मृत्यू' असं नोंदवल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. कारण चुकीचं टाकलं तर दुरुस्तीही त्यालाच करायला लावा. काही जण सहीच्या बदल्यात 'सर्व हिशोब मिटला' असा स्टॅम्पपेपर घेतात. त्यावर सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका, अशा कागदाने पीएफ, पेन्शन किंवा विम्याचा हक्क जात नाही.

ठेका संपून ठेकेदार गायब झाला असेल तर फॉर्म साक्षांकित करणाऱ्यांची यादी फॉर्मवरच आहे: राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, पोस्टमास्तर, आमदार-खासदार, महापालिकेचे सदस्य, तुमच्या बँकेचा व्यवस्थापक. यातला कोणीही चालतो. कपात करूनही ठेकेदाराने पैसे भरलेच नसतील, तर १९५२ च्या पीएफ योजनेतल्या परिच्छेद ३० नुसार ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे महापालिकेची आहे. 'तो ठेकेदाराचा विषय आहे' हे पालिकेचं उत्तर मान्य करू नका. हजेरीची छायाचित्रं, पगाराची चिठ्ठी, बँकेतल्या पगाराच्या नोंदी जोडून पालिकेचे खातेप्रमुख आणि पीएफ कार्यालय दोघांनाही एकाच दिवशी पत्र द्या.

मृत्यू गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरल्याने झाला असेल तर भरपाई वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. ती पीएफ किंवा विम्याच्या बदल्यात नाही, त्याशिवाय आहे. राज्य कामगार विम्यात (ईएसआय) नाव असेल तर अंत्यविधीचे १५,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज मात्र तीन महिन्यांत करावा लागतो.

कागद पूर्ण असलेला दावा पीएफ कार्यालयाने २० दिवसांत निकाली काढायचा असतो. अर्जाची पोच तारखेसह घ्या, आणि २० दिवसांनंतर ऑनलाइन तक्रार करा किंवा दर महिन्याच्या २७ तारखेच्या 'निधी आपके निकट' शिबिरात पोच घेऊन जा.

जे आज कामावर आहेत त्यांनी आपल्या यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाने, पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन करावं. त्याला ठेकेदाराची परवानगी लागत नाही. नावं भरून, फोटो टाकून बरेच जण थांबतात. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-साईन केल्याशिवाय नामांकन लागू होत नाही, तेवढं तपासा.