पॉलिसीवरचा आकडा आणि जुन्या मरिनाचा भाव

टाटाची जुनी इंडिगो मरिना, म्हणजे इंडिगो सेदानचीच मागे मोठी डिकी असलेली स्टेशन वॅगन, बघायला गेलात की विकणारा हमखास विम्याची पॉलिसी पुढे करतो. "हे बघा, आयडीव्ही एक लाख वीस हजार. मी तर लाखालाच देतोय." कंपनीचा छापील कागद बघून घेणारा गप्प होतो. माझ्या मावसभावाने त्याच कागदावर विसंबून इसार देऊन टाकला होता. म्हणून हे लिहितोय.

आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू) म्हणजे गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला, तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. नव्या मॉडेलच्या किमतीतून ठरलेली घट वजा करून तो काढतात: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20 आणि मग दर वर्षी दहा-दहाने वाढत पाचव्या वर्षी 50. तक्ता इथेच संपतो. त्यानंतर मालक आणि कंपनी आपसात ठरवतील तो आयडीव्ही. मरिना आली 2004 साली आणि बंद होऊनही दहा वर्षांच्या वर झाली, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक मरिना त्या तक्त्याबाहेरची. मालकाने थोडा जास्त हप्ता भरायची तयारी दाखवली की आकडा वर सरकतो. पॉलिसीत खंड पडला नसेल तर सहसा कंपनीचं कुणी गाडी बघायलाही येत नाही. आणि नुसता थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) असेल तर आयडीव्ही नसतोच. त्या गाडीला काय किंमतच नाही?

बाजारभाव काढायचा तर गाडीपाशी जावं लागतं. मरिना विकायला फार येत नाहीत, म्हणून मी त्याच सालची, त्याच 1405 सीसी डिझेल इंजिनाची साधी इंडिगो सेदान धरतो. समजा, चालू अवस्थेतली तशी सेदान तुमच्या भागात 80,000ला जाते. जाहिरातीत मागितलेली किंमत धरू नका. प्रत्यक्षात व्यवहार कितीला झाला ते गॅरेजवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं.

मग डिकी उघडा. झाकण हाताने न धरता वर थांबतं का? कार्पेट उचलून खालच्या पत्र्यावर अंगठा दाबा. मागच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत असेल तर गंज आधी तिथे धरतो. हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ बघतो. इंजिन, क्लच, सस्पेन्शन यांचे पार्ट इंडिका-इंडिगोचे चालतात, कुठेही मिळतात. पण मरिनाचं मागचं दार, त्याची काच, मागच्या बाजूच्या काचा फक्त मरिनाच्याच. एक फुटली की भंगारवाल्यांकडे चकरा मारत बसावं लागतं. त्यामुळे मागची बाजू धड असेल तर मी सेदानपेक्षा पाच-सात हजार आनंदाने जास्त देईन, कारण तेवढी जागा दुसऱ्या कुठल्या गाडीत त्या पैशात मिळत नाही. मागे गंज असेल तर तेच पैसे उलटे कापतो.

आता वजाबाकी, मागच्या बाजूचे ते पाच-सात हजार बाजूला ठेवून. चारही टायर घासलेत, धरा 14,000. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती नाही, 5,000. पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग 8,000. ऐंशीतून सत्तावीस गेले, राहिले 53,000. एक लाख वीस हजारांचा आयडीव्ही असलेल्या गाडीचा रास्त भाव त्रेपन्न हजार निघाला, आणि यात कुणाचीही फसवणूक नाही.

पासिंग विसरू नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. 2008च्या मरिनाचं ते 2023 मध्ये झालेलं असायला हवं. झालं नसेल तर फी, पर्यावरण कर आणि फिटनेससाठीची कामं हे सगळं तुमच्या डोक्यावर येणार. नुसती फीच एप्रिल 2022 मध्ये 5,000 झाली होती. तीही किमतीतून कापा.

मावसभावाने शेवटी सौदा मोडला नाही, पण मेकॅनिकला घेऊन पुन्हा गेला, हिशोब वहीच्या पानावर लिहून मालकापुढे ठेवला आणि एकोणीस हजार कमी करून घेतले. बाकीची रक्कम त्याने गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यावरच दिली.