भूजलाचे वय: ट्रिटियम आणि हेलियम-३ यांचा हिशेब

बोअरवेलमधून उपसलेले पाणी कोणत्या वर्षी पाऊस होऊन पडले होते, हा प्रश्न वरवर पाहता कुतूहलाचा वाटतो. पण भूजलाच्या नियोजनातील बरेचसे निर्णय त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतात. जलधरातले, म्हणजे भूजल साठवणाऱ्या थरातले, पाणी दहा वर्षांत बदलत असेल, तर आज शेतात टाकलेल्या खतातील नायट्रेट दशकभरात विहिरीत उतरू शकते. तेच पाणी हजारो वर्षांपूर्वीचे असेल, तर आपण व्याजावर नव्हे तर मुद्दलावर जगत आहोत. पाण्याची चव किंवा रंग पाहून हे वय कळत नाही. गेल्या साठेक वर्षांत मुरलेल्या पाण्यासाठी मात्र प्रयोगशाळेत एक अतिशय नेमकी पद्धत वापरली जाते आणि ती ट्रिटियम व हेलियम-३ या जोडीवर उभी आहे.

ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक आहे. त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, १२.३२ वर्षे आहे आणि ऱ्हास झाल्यावर त्याचा हेलियम-३ होतो. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरणांमुळे तो सतत थोडाथोडा तयार होत असतो. तो पाण्यात विरघळलेला नसतो, तर पाण्याच्या रेणूचाच भाग असतो, हे येथे फार महत्त्वाचे आहे. क्लोराइड किंवा नायट्रेट यांच्यासारखा तो पाण्यासोबत वाहून आलेला पदार्थ नसल्यामुळे, ट्रिटियमचा प्रवास म्हणजे पाण्याचाच प्रवास होय.

त्याचे प्रमाण मोजण्यासाठी ट्रिटियम एकक वापरतात. हायड्रोजनच्या एकावर अठरा शून्ये इतक्या अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू, म्हणजे एक एकक. एक लिटर पाण्याचा हिशेब केला तर एक एकक म्हणजे सुमारे ६ कोटी ७० लाख अणू होतात. आकडा मोठा दिसला तरी त्या लिटरभर पाण्यात मिनिटाला जेमतेम सात अणूंचा ऱ्हास होतो, आणि म्हणूनच तो थेट मोजणे अवघड जाते.

निसर्गात पावसातील ट्रिटियम काही एककांच्या घरात असते. १९५२ पासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्या आणि हे चित्र पार बदलले. १९६१-६२ मधील मोठ्या चाचण्यांनंतर, १९६३ मध्ये, उत्तर गोलार्धातील ओटावा, व्हिएन्ना अशा ठिकाणच्या पावसात ट्रिटियम काही हजार एककांवर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोत चाचणीबंदीचा मर्यादित करार झाला आणि नंतर हे प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. मानवजातीने केलेल्या एका भयंकर उद्योगाची खूण अशा रीतीने जगभरच्या भूजलात उमटली, आणि जलशास्त्रज्ञांना १९६३ च्या पावसाची आयती ओळख मिळाली.

ही ओळख पुढे पुसट होत गेली. शिखराच्या वेळी पडलेल्या पाण्यातील ट्रिटियम आतापर्यंत पाच अर्धायुष्ये ओलांडून गेले आहे, आणि आजच्या पावसातील प्रमाण पुन्हा नैसर्गिक पातळीजवळ आले आहे. त्यामुळे एखाद्या नमुन्यात पाच एकके सापडली, तर ते पाणी गेल्या वर्षीच्या पावसाचे आहे की काही दशकांपूर्वीच्या, हे एकट्या ट्रिटियमवरून सांगता येत नाही. सुरुवातीला किती होते हेच ठाऊक नसेल, तर किती उरले यावरून काळ कसा काढणार?

या अडचणीतून बाहेर पडण्याचा मार्ग सोव्हिएत शास्त्रज्ञ तोल्स्तिखिन आणि कामेन्स्की यांनी १९६९ मध्ये सुचवला: उरलेल्या ट्रिटियमबरोबर त्यातून जन्मलेले हेलियम-३ सुद्धा मोजायचे. पाणी भूजलपातळीखाली बंदिस्त झाले की हेलियम-३ ला वर हवेत निसटायला वाट राहत नाही, ते पाण्यातच साठत जाते. समजा, नमुन्यात चार एकके ट्रिटियम आहे आणि ट्रिटियमपासून आलेले हेलियम-३ बारा एककांइतके आहे. मग मुरताना सोळा एकके होती, हे उघड झाले; सोळाची आठ आणि आठाची चार व्हायला दोन अर्धायुष्ये लागली, म्हणजे वय सुमारे साडेचोवीस वर्षे. पावसातील ट्रिटियमची कोणतीही जुनी नोंद येथे लागत नाही. माझ्या मते या पद्धतीचे सगळे मोठेपण या एका गोष्टीत आहे.

प्रत्यक्षात ते बारा एककांचे हेलियम-३ वेगळे काढणे हेच खरे काम आहे. हवेत हेलियम असतेच, दहा लाख भागांत सुमारे ५.२४ भाग, आणि त्यात नेहमीच्या हेलियमच्या, म्हणजे हेलियम-४ च्या, सव्वासात लाख अणूंमागे हेलियम-३ चा एक अणू. हवेच्या संपर्कात असलेल्या पाण्यात विरघळलेले हे हेलियम-३ सुमारे २५ ट्रिटियम एककांइतके भरते. म्हणजे जे शोधायचे त्याच्या दुप्पट तर हवेचेच आहे. शिवाय पावसाळ्यात भूजलपातळी वर चढते तेव्हा मातीच्या कणांमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे दाबाखाली विरघळतात आणि आणखी हेलियम आत शिरते. या जादा हवेचा हिशेब निऑन देतो. जमिनीखाली निऑन निर्माण होण्याजोगे काही घडत नाही, त्यामुळे पाण्यात अपेक्षेपेक्षा जितके निऑन जास्त, त्यावरून किती हवा अडकली होती ते कळते. तिसरा वाटा खडकांचा. युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून हेलियम-४ येते, आणि त्यासोबत थोडेसे हेलियम-३ ही. हे सारे वजा केल्यावर जे उरते, तेच वयाच्या सूत्रात जाते. वजाबाकीतली एखाद्या टक्क्याची चूकही कोवळ्या पाण्याच्या वयात महिन्यांचा फरक पाडते.

नमुना घेण्यातच ही काळजी सुरू होते. साधी काचेची बाटली वायूंच्या नमुन्यासाठी चालत नाही, कारण हेलियमचे अणू काचेतून आरपार झिरपतात. त्यासाठी सुमारे चाळीस मिलिलिटर पाणी मावेल अशी तांब्याची नळी वापरतात. पंपाचे पाणी बराच वेळ वाहू देतात, बुडबुडे दिसावेत म्हणून जोडलेल्या पारदर्शक नळीकडे लक्ष ठेवतात, तांब्याच्या नळीवर हलके ठोकून आत चिकटलेले बुडबुडे सोडवतात आणि मग दोन्ही टोकांवरच्या पोलादी पकडी आवळतात. आधी पाणी बाहेर पडते ते टोक, मग आत येते ते. तांबे इतके दाबले जाते की धातूला धातू चिकटून टोक हवाबंद होते. ट्रिटियमसाठी वेगळी बाटली भरतात. ती भरणाऱ्याच्या हातात काटे चमकण्यासाठी ट्रिटियम वापरलेले घड्याळ नसावे, अशी स्पष्ट सूचना असते.

प्रयोगशाळेत तांब्याची नळी निर्वात यंत्रणेला जोडून पाण्यातील सर्व वायू बाहेर काढतात. पाण्याची वाफ गोठवून वेगळी होते, नायट्रोजन-ऑक्सिजनसारखे क्रियाशील वायू तापवलेल्या धातूंच्या मिश्रणात शोषले जातात आणि उरलेले हेलियम व निऑन अतिशीत कोळशावर पकडून, तापमान हळूहळू वाढवत, एकामागून एक मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वस्तुमानानुसार अणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडले जातात. तेथे आणखी एक पेच असतो. साधा हायड्रोजन आणि ड्यूटेरियम (एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन) यांच्या जोडीचे वस्तुमान ३.०२१९, तर हेलियम-३ चे ३.०१६०. हा ०.२ टक्क्यांचा फरक यंत्राला दिसला नाही, तर सगळा निकाल वाया जातो.

ट्रिटियमचे मोजमापही आता अनेकदा हेलियमच्या वाटेनेच करतात. पाण्यातला होता नव्हता तो वायू काढून टाकायचा, पाणी हवाबंद करायचे आणि काही महिने थांबायचे. एक एकक ट्रिटियम असलेल्या लिटरभर पाण्यात सहा महिन्यांत साधारण साडेअठरा लाख नवे हेलियम-३ अणू जन्माला येतात आणि यंत्र ते मोजते. मिनिटाला सात ऱ्हास मोजत बसण्यापेक्षा साठलेले लाखो अणू मोजणे कितीतरी सोपे. या कामात घाई करता येत नाही, आणि नमुना देऊन निकालासाठी अर्धे वर्ष थांबावे लागते ते याच कारणाने.

ही पद्धत प्रत्यक्ष जमिनीत टिकते का, याची सुंदर परीक्षा पश्चिम जर्मनीत बोखोल्टजवळच्या लीडर्न येथे झाली. पेटर श्लोसर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील उथळ, वाळूच्या जलधरात वेगवेगळ्या खोलीवरच्या नमुन्यांत उरलेले ट्रिटियम आणि त्यातून आलेले हेलियम-३ यांची बेरीज केली, तेव्हा १९६० च्या दशकातील बॉम्बचे शिखर जमिनीखाली स्पष्ट दिसले. काढलेले वय आणि पावसाची नोंद एकमेकांशी जुळली. आजही या पद्धतीने काम करणारे प्रत्येक वय याच बेरजेशी ताडून पाहतात. बेरीज त्या वर्षाच्या पावसापेक्षा बरीच कमी भरली, तर त्या पाण्यात ट्रिटियम नसलेले जुने पाणी मिसळले आहे असा संशय घ्यावा लागतो.

माणसांच्या आरोग्याशी या वयाचा संबंध बांगलादेशात दिसून आला. ढाक्याच्या पूर्वेकडील आडाइहाजार भागात हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक कोठे कमी, कोठे घातक, आणि तेही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मार्टिन स्टुटे आणि सहकाऱ्यांनी तेथील उथळ भूजलाचे वय याच पद्धतीने काढले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाण्याचे वय वाढते तसे आर्सेनिकही वाढते असे आढळले. वाळूच्या भागात पाणी लवकर मुरते आणि तरुण राहते, तर चिकणमातीखाली ते वर्षानुवर्षे गाळाच्या सान्निध्यात राहते.

महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात ही पद्धत तशीच्या तशी लावता येत नाही. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि कुजलेल्या थरांतून धावते, त्यामुळे एका बोअरमध्ये कालपरवाचे आणि दशकांपूर्वीचे पाणी एकत्र येऊ शकते. तेव्हा मिळणारी संख्या खरे वयही नसते आणि मिश्रणाची सरासरीही नसते, कारण ऱ्हासाचे सूत्र मिश्रणाला सरळ लागू होत नाही. रुंद तोंडाच्या उघड्या विहिरीतील पाण्याने तर हेलियम-३ हवेला परत देऊन टाकलेले असते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आलेले असते. दख्खनमध्ये ट्रिटियमचा वेगळा उपयोग मात्र झालेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील आर. एन. आठवले आणि सहकाऱ्यांनी गोदावरी-पूर्णा आणि कुकडी या खोऱ्यांत ते मुळांच्या खाली मातीत टोचले आणि पावसाळ्यानंतर ती खूण किती खाली सरकली यावरून पुनर्भरण काढले. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून वर्षाला किती पाणी मुरते ते समजते. मुरलेले पाणी खाली किती वर्षे राहते, हे विचारायचे असेल तर ठरावीक खोलीवर केसिंगला जाळी असलेली, एकाच थरातून पाणी घेणारी निरीक्षण विहीर लागेल आणि तिथे तांब्याची नळी घेऊन जावे लागेल.